मागच्या तंगडीचा वाटा

(फ्रान्समधलं एक खेडं. इथं राहायला आलेल्या इंग्रज जोडप्याचं स्वयंपाकघर. उंबऱ्यावर शेजारीण जिनेत.)

फिलिपा : तिथूनच बोला, जिनेतबाई. मला ऐकू येतंय.

जिनेत : अशी उंबऱ्यावर उभी करून? कुत्र्याला तरी आत घेता तुम्ही.

फिलिपा : कुत्रा माझ्या फाटकाला रक्ताळलेलं काही टांगून जात नाही.

डेरेक : अगं, येऊ दे तिला आत. बाहेर गारठा किती आहे!

फिलिपा : तू मध्ये पडू नकोस, डेरेक. यांना कुणी पाठवलंय ते आधी कळू दे.

जिनेत : मला कोण पाठवणार? मी इथं आल्याचं फेर्नांला कळलं तर माझ्याच अंगावर ओरडेल. काल पोलीस आले आणि त्याची बंदूक घेऊन गेले, बाई. त्याच्या बापाची बंदूक. धमकीचा ठपका बसला तर परवानाच कायमचा रद्द होईल म्हणे. नवरा आहे माझा, पण आजवर त्याला असा बसलेला मी पाहिला नव्हता. टेबलाशी बसतो आणि हात नुसते समोर ठेवतो.

फिलिपा : धमकी देण्याआधी विचार करायचा होता त्यांनी.

जिनेत : कसली धमकी?

फिलिपा : रविवारी संध्याकाळी माझ्या फाटकाला गोणपाटात गुंडाळलेली रानडुकराची तंगडी. खुरासकट, केसांसकट. खाली रक्ताचं थारोळं. आमच्याकडे याला धमकी म्हणतात.

जिनेत : आमच्याकडं त्याला जेवण म्हणतात.

फिलिपा : चेष्टा करताय माझी?

जिनेत : चेष्टा करायला मी चालत आलेय होय एवढ्या चिखलातून? ज्याच्या रानात शिकारीत डुक्कर पडलं त्याला मागची तंगडी द्यायची, हे माझ्या आजेसासऱ्याच्या आधीपासून चालत आलंय. फेर्नांनं आधी दार वाजवलं होतं. तुम्ही दिवा मालवलात.

फिलिपा : अंधार पडल्यावर मी दार उघडत नाही.

जिनेत : ठाऊक आहे. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. म्हणून तर टांगली, कुत्री ओढून नेतील म्हणून चांगली उंच टांगली. बरं, ठेवलीय कुठं ती? फ्रीजमध्ये?

डेरेक : पुरली.

जिनेत : काय केली?

डेरेक : पुरली. नाशपातीच्या झाडाखाली. मीच खड्डा खणला.

जिनेत : अगं आई गं! वाइनमध्ये दोन दिवस मुरवली असती तर घरभर माणसं बोटं चाटत जेवली असती. आणि खड्डा तू खणलास? तू, डेरेक?

डेरेक : फिलिपा म्हणाली म्हणून.

जिनेत : फिलिपाबाई म्हणाल्या, आणि तू मुकाट्यानं खणत राहिलास.

फिलिपा : त्याच्याकडे काय बघताय असं? आणि तुमचं हे अरेतुरे कधीपासून सुरू झालं?

डेरेक : अगं, शेजार आहे आपला.

फिलिपा : शेजार सहा वर्षांपासून आहे. मला अजून कुणी अरेतुरे करत नाही. ते जाऊ दे. जिनेतबाई, आमच्या त्या रानाला मी पाटी लावली होती, शिकारीला मनाई म्हणून. का लावली होती, आठवतं?

जिनेत : गोठ्याच्या भिंतीत गोळी घुसली होती.

फिलिपा : मी तिथं चादरी वाळत घालत होते! हात वर होते माझे, दोरीवर. कानाशेजारून गेली. पुढे कितीतरी दिवस माझ्या हातातून कपबशी सुटायची.

जिनेत : ती गोळी शहरातून आलेल्या एका पाहुण्याची. फेर्नांनं त्याला त्याच दिवशी हाकलला. पुन्हा पाऊल टाकू दिलं नाही त्याला.

फिलिपा : हे मला कुणी सांगितलं नाही. पुढं ऐका. मी बहिणीच्या ऑपरेशनसाठी इंग्लंडला गेले, परत येऊन बघते तर पाटी गायब! मी पाठ फिरवायचीच वाट बघत होता तुम्ही लोक.

जिनेत : पाटी होती तोवर आमच्यापैकी एकानं तरी तुमच्या रानात पाय ठेवला का? सांगा. डुक्कर तिकडं पळालं की आमचे शूरवीर कुंपणाशी उभे राहून त्याला शिव्या घालायचे आणि रिकाम्या हातानं घरी यायचे. सरपंचानं मध्ये पडायची तयारी दाखवली, तर फेर्नां म्हणाला, बाईचं रान आहे, बाई म्हणेल तसं.

फिलिपा : मग पाटी काय उडून गेली?

जिनेत : मला काय विचारता? मी फक्त तंगडीचं सांगते. सरपंच मागायला आला तरी त्याला बरगड्या मिळतात. मागची तंगडी रानाच्या त्याच मालकाला, ज्यानं आपल्या तोंडानं सांगितलं, की या, माझ्या रानात या.

फिलिपा : मी असं कुणालाही सांगितलेलं नाही.

जिनेत : तुम्ही नाही.

डेरेक : चहा कोण कोण घेणार?

फिलिपा : डेरेक.

डेरेक : पाणी उकळलंच आहे, मी म्हटलं...

फिलिपा : किटली खाली ठेव.

डेरेक : पाटी शेडमध्ये आहे. गवत कापायच्या यंत्रामागे. मी फेकली नाही, जपून ठेवलीय.

फिलिपा : जपून ठेवलीस!

डेरेक : तुला कळणार नाही, फिलिपा. तू फोनवर बहिणीशी बोलतेस, मैत्रिणींशी बोलतेस, तुझं भागतं. रोज ब्रेड आणायला मी जातो. पाटी लागली आणि बेकरीवाली माझ्या तोंडाकडे बघेनाशी झाली. कॅफेत शिरलो की पत्ते खेळणारे पत्ते पालथे घालायचे, जसा काही मी चोरून बघायलाच आलोय. तू तिकडं होतीस तेव्हा मला ताप भरला. फेर्नांनं लाकडं फोडून दिली, हिनं सूप आणलं. त्याच आठवड्यात मी पाटी उतरवली आणि फेर्नांला म्हणालो, रविवारी शिकारीला या.

फिलिपा : त्या गोळीनंतर?

डेरेक : ओढ्याच्या पलीकडेच करायची शिकार, घराच्या बाजूला तोंड करून बार काढायचा नाही, असं ठरलंय.

फिलिपा : कुणी ठरवलं?

डेरेक : मी आणि फेर्नांनं.

फिलिपा : रान अर्धं माझं आहे, डेरेक. जीव तर सगळाच माझा आहे. आणि सोमवारी तू मला पोलीस ठाण्यात घेऊन गेलास! गाडी तू चालवलीस. माझं फ्रेंच अडलं की शेजारी बसून शब्द तू पुरवत होतास. 'धमकी' हा शब्दसुद्धा तूच दिलास!

डेरेक : तू विचारलास म्हणून दिला.

जिनेत : हे मला ठाऊक नव्हतं. अरे मेल्या, त्याच्या टेबलावर जेवलास ना तू? दर गुरुवारी जेवतोस! लाज नाही वाटली?

डेरेक : एकदा ती बोलायला लागल्यावर मला थांबवता आलं नाही. रोज वाटायचं, आज सांगू. सकाळी धीर यायचा, ब्रेड घेऊन परत येईपर्यंत निघून जायचा.

फिलिपा : दर गुरुवारी. आणि मला सांगायचास, लाकडं बघायला जातो. जिनेतबाई, तुमच्या नवऱ्यानं पोलिसांना का नाही सांगितलं? एका वाक्यात सुटले असते ते.

जिनेत : मीही तेच म्हटलं. भांडभांड भांडले. तर म्हणतो, तिला हे तिच्या नवऱ्याकडून कळू दे. पोलिसाच्या तोंडून कळलं तर बाई गावात पुन्हा मान वर करून चालायची नाही.

फिलिपा : असं म्हणाले ते? माझ्याबद्दल?

जिनेत : असंच म्हणाला. वर मलाही बजावलं, की तू त्यांच्या दारात जायचं नाहीस. मी नाही ऐकलं.

फिलिपा : ठाणं आता उघडं असेल?

जिनेत : जेवणाची सुट्टी संपली की उघडेल.

डेरेक : मी गाडी काढतो.

फिलिपा : तू नाही. तक्रार माझी आहे, मीच मागं घेणार. तू काय केलंस ते तू उद्या ठाण्यात जाऊन तुझ्या तोंडानं सांग. पाटी मात्र मी पुन्हा लावणार आहे, जिनेतबाई. आधीच सांगते.

जिनेत : लावा की. तुमचं रान आहे. माझी गाडी आणते, पण पुढच्या सीटवर कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं आहे.

फिलिपा : मी मागं बसेन.

डेरेक : आणि मी? मी काय करू तोवर?

फिलिपा : फेर्नांकडे जा. आम्ही परत येईपर्यंत त्यांच्यासमोर बस.

डेरेक : आत्ता? एकटा?

जिनेत : जा, भिऊ नकोस. बंदूक पोलिसांकडं आहे.