घरबसल्या म्हणे!

...नाही, मला एकदा तो माणूस समोर पाहिजे! मोबाईलवर येतो बघा, अंगात कोट, मागे दुसऱ्याची गाडी, आणि बोटं नाचवत सांगतो, "मित्रांनो, नोकरी सांभाळून घरबसल्या धंदा करा!" घरबसल्या म्हणे! अहो, ह्याला एकदा पोलादपूरवरून कुडपणला चढवा, तिथून पाठीवर दहा किलो कुळथाचं पीठ देऊन खाली उतरवा, आणि मग विचारा, बस की रे आता, बस! कुठं बसतोस?

तुम्हाला सांगतो, मी मुरारी, पोलादपूरला शाळेत क्लार्क. कंत्राटी. म्हणजे दर मार्चला संस्थेच्या चेअरमनसमोर नवरीसारखं खाली मान घालून उभं राहायचं, ठेवतायत का घालवतायत! त्यात माझा मेहुणा, साहिल. मुंबईत कसल्याशा गोदामाचा सुपरवायझर आहे, पण गणपतीला आला की असा चालतो, जसं गोदाम नाही, बंदरच चालवतो! सगळ्यांच्या देखत म्हणाला, "दाजी, कशाला त्या शाळेत सडताय? या आमच्याकडे. पॅकिंगला लावतो तुम्हाला." पॅकिंगला! मला! बायकोच्या धाकट्या भावाच्या हाताखाली! मी पण तिथल्या तिथं सांगितलं, "साहिल, हा मुरारी कुणाच्या हाताखाली खोकी चिकटवणार नाही. माझा स्वतःचा धंदा उभा राहतोय!" समीक्षानं, म्हणजे आमच्या बायकोनं, माझ्याकडे असं बघितलं... कारण तोवर धंदा तर सोडाच, कल्पनासुद्धा उभी राहिली नव्हती. पण शब्द गेला ना तोंडातून! आता करून दाखवणं आलं.

मग लागलो शोधायला. त्या कोटवाल्याचे सगळे व्हिडिओ बघितले. काय ते ज्ञान! "माइंडसेट बदला! प्रॉडक्ट नाही, स्टोरी विका!" तुझी स्टोरी कुणी विकत घेईल का रे? पण एक सुचलं. वर डोंगरात, कुडपणला, आमची आई असते, बनुबाई. तिचं कुळथाचं पीठ! भाजून, जात्यावर दळलेलं. म्हटलं, हेच विकू. लेबल छापलं, 'सह्याद्री हाय-प्रोटीन सुपरफूड', आणि फोटो काढून ऑनलाइन विकायला टाकलं. आईला दाखवलं तर म्हणते, "ह्ये कुनाचं रे?" म्हटलं, आई, तुझंच पीठ. "मग त्येवर डोंगर कशाला काढलास? पिठात माती हाय असं वाटंल लोकास्नी."

आता शाळेत दिवसा फोन घ्यायची बंदी, म्हणून लेबलवर नंबर दिला आईचा. हीच चूक! कुडपणच्या घराच्या ओट्यावर डाव्या खांबाला टेकून बसलं तरच रेंज येते, आणि आई दुपारभर तिथंच टेकलेली असते. म्हटलं, कोण फोन करतंय!

पंधरा दिवस एक ऑर्डर नाही. मग आल्या. आणि गिऱ्हाईकं तरी काय एकेक! एकानं लिहिलं, 'पीठ तपकिरी आहे,' आणि एकच स्टार. अरे, कुळथाचं पीठ तपकिरी नाही तर काय गुलाबी असणार? नाशिकच्या एका बाईनं आईला फोन करून विचारलं, "ह्यात ग्लूटेन आहे का?" आई म्हणाली, "त्ये काय माहीत नाय बाय, पन खडे मी सवता निवडलेत." बाई खूश!

आणि मी? सकाळी शाळेआधी कुडपणला, तिथून पाकिटं घेऊन खाली, संध्याकाळी महाडला, कारण कुरिअरवाला पोलादपूरला येतच नाही. घरबसल्या म्हणे! माझी बूड टेकायची जागा एकच, मोटारसायकल.

तर एके दिवशी बघतो, प्रत्येक पाकिटाबरोबर जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली पुरचुंडी. सोडली. चार आमसुलं, दोन सुक्या मिरच्या, लसणीचा गड्डा! म्हटलं, आई, हे काय?

"कुनाच्या घरी मोकळ्या हातानं जाऊ नये रे."

"अगं, पीठ जातंय की!"

"पीठ तू इकलंस. त्ये येगळं. हातावर काय ठेवलंस?"

आता हिला काय सांगणार ब्रँडिंग? सुपरफूडबरोबर चिंधी! लोक हसतील. मी काय केलं, महाडला पोचायच्या आत सगळ्या पुरचुंड्या काढायच्या आणि घरी न्यायच्या. महिनाभर आमच्या घरात रोज आमटीत तीच आमसुलं. समीक्षा म्हणायची, "अहो, हे पाप आहे हो." मी म्हणायचो, "गप, हा बिझनेस आहे."

आणि आल्या ना तक्रारी! माझ्या लक्षात यायच्या आधी ज्यांना पुरचुंडी गेली होती, त्यांनी दुसऱ्यांदा मागवलं होतं. फोन कुणाला? खांबाला टेकलेल्या आईला! "आजी, ह्या खेपेला तुमची पुरचुंडी नाही आली. आमच्यावर रागावलात का?" एक नाही, अकरा जणांनी विचारलं. पिठाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही!

मी वर गेलो तर आई ओट्यावर. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "मुरारी, माझ्या नावानं लोकास्नी दिलेलं तू खाल्लंस?" तुम्हाला सांगतो, चेअरमनसमोर वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

त्या दिवसापासून धंदा तिच्या हातात. लेबलवरचा डोंगर गेला, 'बनुबाईचं पीठ' आलं. ऑर्डरी थांबेनात! आई खांबाला टेकून फोनवर विचारते, "कुनाची गो तू? पोरं किती?" आणि मी तिच्यासमोर खाली बसून पुरचुंड्या बांधतो. गाठ सैल झाली तर सोडून परत बांधायला लावते!

परवा साहिलचा फोन, तिलाच. "मावशी, दाजी कसं काम करतायत?" आणि आई, माझी सख्खी आई, माझ्यासमोर म्हणते, "हाताला जड हाय. पन शिकंल."

म्हणजे तो कोटवाला खोटं नव्हता हो बोलत. होतो घरबसल्या धंदा! फक्त घरी आई बसलीय. आणि मी लागलो पॅकिंगला... साहिलच्या गोदामात निदान रविवारची सुट्टी तरी होती!