तहानेचा पुरावा

नाही नाही, बसा ना, पाळकसाहेब — तो पेला राहू द्या झाकलेलाच, घाई काय आहे? तिचा आत्ताच डोळा लागलाय. म्हणजे — लागला असेल. आणि डॉक्टरांची ताकीद आहे, एक घोटसुद्धा नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून बायकोचं गिळणंच गेलंय, पाणी पोटाऐवजी फुप्फुसात उतरतं. काय? कापूस? हो, कापूस बुडवून ओठांना लावलेला चालतो, नर्सबाई तेच तर करतात. पण द्राक्षारस — झोंबेल ना? ओठ फुटलेत तिचे. जाण्याआधी हा पेला, हे प्रभुभोजन, तिनेच मागितलं, खरंय. फोन मीच केला, तेही खरं. मग आता मीच दारात आडवा का — बसा, सांगतो. सांगता येईलच असं नाही, पण बसा.

तुम्ही माझ्या वर्गात होता. धर्मविद्यालयात आयुष्यभर मी एकच गोष्ट शिकवली — डुलक्या काढत असलात तरी कानावर पडली असेल. माणसाला घर द्या, मान द्या, मूल द्या, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा अजून काहीतरी मागतोच. देवाने त्याला स्वतःसाठी घडवलंय, इथल्या कशानेही तो भरायचा नाही. तहान आहे म्हणजे पाणी आहेच — काय टाळ्या घ्यायचो या वाक्यावर! एकदा ही मागच्या बाकावर बसून ऐकत होती. घरी येताना म्हणाली, "अहो, वाळवंटात मेलेल्या माणसालाही तहान होतीच की." आणि गंमत बघा, विश्वास तिचाच टिकला. वाक्य माझं होतं — ते नाही टिकलं.

आता दिवसभर तिचं एकच — पाणी. कापूस लावला की क्षणभर चोखते, तान्ह्या बाळासारखी, माझ्याकडे बघते, आणि पुन्हा — पाणी. क्रुसावर प्रभूलाही तहान लागली होती, नाही का? मिळालं काय, तर आंबलेल्या द्राक्षारसात बुडवलेला स्पंज. यावर प्रबंध लिहिलाय मी, तळटीपांसकट — आणि तिच्या उशाशी बसलं की त्यातलं एक अक्षर तोंडातून फुटत नाही.

खरं सांगू? झोंबण्याचं निमित्त आहे. डॉक्टरांचंही. आत्ता तिला निदान एक आस आहे — हे सगळं नुसतं पाणी झालं, तुमचा पेला अजून यायचाय. तो लावलात, आणि त्यानंतरही ती माझ्याकडे बघून पाणीच म्हणाली तर? मग मी काय देऊ तिला? माझ्याजवळ त्यापलीकडे काही नाही हो. तुमच्याजवळ आहे? — नका सांगू, उत्तर मला पाठ आहे. मीच शिकवलंय तुम्हाला.

हाक मारली का तिने? म्हणजे जागीच होती. ऐकलं असेल सगळं, या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा — जा. जा तुम्ही, मी नाही येत. नर्सबाई कापूस देतील. दार लोटून घ्या.

झालं? इतक्यात? घेतलं ना तिने? बरं. बरं झालं. आणि मग — काही म्हणाली का, घेतल्यावर —

नको. सांगू नका. तसे उभे राहू नका माझ्यासमोर. या आता.