खरवडलेली काच

(कोल्हापूर, १९७४. महाद्वार रोडवरचा फोटो स्टुडिओ. विमला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. इलाही काचेच्या निगेटिव्ह साफसूफ करतो.)

विमला : इलाहीचाचा, या काचेवरचे मधले ठिपके कुठं गेले?

इलाही : काडलं की.

विमला : काढले?

इलाही : बाई, मोठं फोटू काडाय तुमीच दोन काचा दिल्यासा. आभाळ त्येच. एकीत मधली जागा साफ, दुसरीत तितंच बारीक काळं ठिपकं. म्हटलं, बुरशी आली. पात्यानं खरवडलं. आता मोठा फोटू कसा झ्याक आलाय बघा.

विमला : ते तारे होते.

इलाही : मग पयल्या काचंत का न्हाईत?

विमला : मध्ये धुळीचा ढग आहे. साध्या काचेवर मागचं काहीच उमटत नाही. ही दुसरी काच तांबड्याच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण टिपते. ते ढगातून पार येतात. त्या ढगामागं ताऱ्यांचा अख्खा पुंजका आहे, आजवर कुणाला माहीत नसलेला. दोन वर्षं अर्ज केले, तेव्हा मोठ्या दुर्बिणीवर एक रात्र मिळाली.

इलाही : परत फोटू न्हाई काडता यायचा?

विमला : परत दोन वर्षं. तोवर दुसरं कुणीतरी शोधेल. आजच्या टपालानं ही काच माझं संशोधन तपासणाऱ्या बंगलोरच्या सरांकडं जायची होती. काच बघितल्याशिवाय ते माझं काही छापू देणार नाहीत.

इलाही : तीस वर्सं लगनाच्या पोरींच्या तोंडावरचं देवीचं वण घालवतोय मी. हात आपसूक गेला वो. अकरा हुतं.

विमला : तुम्हाला आठवतात?

इलाही : खरवडलेली जागा मी इसरत न्हाई. पेन्सिलीनं परत बसवतो, जितल्या तितं. मुरगूडच्या सयाजीरावाची अर्धी मिशी माझ्या पेन्सिलीची हाय, त्याच्या बायकूला अजून ठावं न्हाई.

विमला : असं करता येत नाही.

इलाही : खोटं कुटं हाय त्यात? तितं हुतंच की त्ये. तुमी सोता बगितलंय.

विमला : बघितलंय. आठ दिवस भिंग लावून दुसरं काही बघितलं नाही.

इलाही : मग? चूक माजी, सजा तुमाला कशापायी?

विमला : किती वेळ लागेल?

इलाही : घटकाभर.

विमला : टपाल पाचला निघतं.

इलाही : व्हय. करू का?

विमला : करा.

इलाही : ह्यो एक. ह्यो दुसरा. बाई, ह्यो खालच्या अंगाचा लई फिकट हुता. वाईच ठळक करू? सरांस्नी झटकन दिसंल.

विमला : ठेवा ती पेन्सिल. काढलेत तेवढे दोन्ही पुसून टाका.

इलाही : का वो? चुकलं काय माजं?

विमला : तुमचं नाही, चाचा. ठळक करायलाही मी हो म्हणणार होते.