घंटा कुणी वाजवली

...पाय नीट धर की तिचा! हां, असा. घोडी शहाणी आहे रे तुझी, त्रेत्याक, मालकापेक्षा शहाणी. सैबेरियातून परत येतं का कुणी? तेही नऊ वर्षांनी! मला वाटलं, गेलास तू. खरं सांगतो, चर्चमध्ये मेणबत्तीसुद्धा लावली होती तुझ्या नावाची. नुसती मान हलव, पुरे. तुझ्या वाटचं मीच बोलतो. आणि असा टक लावून बघू नकोस — तुझी जीभ मी कापली, सगळ्या गावादेखत कापली, लपवलंय कुठं? हुकूम झारचा, सांडशी माझी. आधी घंटेला मनोऱ्यावरून खाली पाडलं, भर चौकात वीस फटके मारले, माणसाला मारतात तसे — का, तर तिनं बंड पेटवलं! मग मला म्हणाले, लोहारा, हिची जीभ काढ, तो आतला लोलक. काढली. मग तुला पुढं ओढलं. दुसऱ्या कुणी दोन-तीनदा कापली असती, मी एका झटक्यात उडवली, तेवढं तरी लक्षात ठेव. कोपरापर्यंत रक्त आलं होतं माझ्या. तीन दिवस घास उतरला नाही.

आणि गावानं काय कमी केलं होतं? झारच्या त्या कारभाऱ्याला दगडांनी ठेचला, बायकोसमोर. तोंड ओळखू येईना. पण त्यानंही माझ्या भावाला चाबकानं फोडून फोडून मारला होता — सोडतो का कुणी? घंटा झाली नसती तर गाव जमलंच नसतं. तू तर तापानं फणफणलेला, अंथरुणात, तुला कुठली शुद्ध... म्हणजे, नंतर कळलं मला. मॉस्कोच्या सरदारानं विचारलं, घंटा कुणी वाजवली? तर तू घंटेवाला, तुझंच नाव येणार ना तोंडात! कुणाच्याही आलं असतं. दोर ओला, पहिला टोला तर हुकलाच, तळहात सोलून निघाले माझे —

त्याचे. ज्यानं कुणी ओढला त्याचे.

झालं, बसला नाल. घे घोडी आणि जा. अरे, सांडशी निखाऱ्यात कशाला घालतोस? काम संपलं आता. आणि दार राहू दे उघडं, उकडतंय. त्रेत्याक... अडसर काढ. काढ म्हणतो ना! मी सांगतो सगळ्यांना, आत्ता चौकात जाऊन सांगतो, मीच वाजवली म्हणून — माझ्या तोंडानं सांगतो, माझ्या —