दारापाशी थांबणं

(त्रिएस्त शहर, जुलै. पेदोचिनच्या खड्यांच्या किनाऱ्यावर बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी करणारी उंच पांढरी भिंत. उन्हं कलली आहेत. फुल्विया आणि म्हातारी योलांदा अलीकडे; फुल्वियाचे वडील नेरेओ पलीकडे.)

फुल्विया : बरं, बंदराच्या धक्क्यावरचं फिरणं लिहिलं. पुढे? बाबा, ऐकतोयस ना?

नेरेओ : मी ऐकतोय. सगळी पुरुषांची बाजू ऐकतेय.

फुल्विया : उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपल्या गावची माणसं कुठं जातात, एवढंच पेपरला हवंय. उद्या द्यायचंय मला.

नेरेओ : लिही, घरी जातात.

योलांदा : अहो नेरेओ, हे वाचून कोण येईल त्रिएस्तला?

नेरेओ : न येवोत. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही.

योलांदा : तू बार्कोलाचं लिही गं. अख्खं गाव पोहायच्या कपड्यांत समुद्राकाठी रस्त्याकडेच्या फरशीवर पडलेलं असतं, अन् बसवाला हॉर्न वाजवून ओळख देतो.

फुल्विया : ते झालं, काकू. कलिंगड घेऊन जा, असंही लिहिलंय.

योलांदा : आणि पांढऱ्या वाइनमध्ये नुसतं पाणी घालून घ्यायची म्हणावं. लाल-केशरी काही मागवलं की आम्ही ओळखतो, पाहुणा आला.

फुल्विया : बाबा, नाचायला कुठं जायचं? तू आणि आई जायचात ते कुठलं?

नेरेओ : ती पाण्यावरची गच्ची. बुधवारी गर्दी कमी असते. अकॉर्डियनवाला जरा घाईत वाजवतो, तेवढं सोडलं तर बरी आहे.

फुल्विया : ती बंद होऊन किती वर्षं झाली, बाबा.

नेरेओ : बंद? हो. झाली असेल. तुझ्या आईचा गुडघा त्याच्याही आधी बंद झाला.

योलांदा : ओंदिना दुखऱ्या गुडघ्यानंसुद्धा नाचली असती. तुमचेच पाय मध्ये यायचे.

नेरेओ : योलांदाबाई, तुमच्या नवऱ्याला नाचताना मी पाहिलंय. माझं तोंड उघडायला लावू नका.

फुल्विया : बाबा, वर डोंगरावर झोर्कोच्या घराची डहाळी लागलीय. काल तिठ्यावर टांगलेली पाहिली मी.

नेरेओ : असेल.

फुल्विया : डहाळी आहे तोवरच त्याच्या अंगणात घरची वाइन मिळते. वाइन संपली की उतरवतील. आज जाऊया?

नेरेओ : तू जा. पेपरसाठी बघून ये.

फुल्विया : पेपरसाठी नाही म्हणत. फेब्रुवारीत आई गेली, तेव्हापासून एक संध्याकाळ तू बाहेर काढली नाहीस.

नेरेओ : मला लवकर झोप येते.

योलांदा : झोप कसली. हा माणूस पूर्वी किनाऱ्याच्या दारापाशी उभा राहून घड्याळ बघायचा, कुरकुरायचा. ओंदिनाचं आपलं निवांत. आंघोळ, केस, वर पत्त्यांचा आणखी एक डाव. आता पाहावं तर सगळ्यांच्या आधी पसार.

नेरेओ : बसची गर्दी टाळतो.

योलांदा : टाळा. मी बुडी मारून येते. भिंतीला कान असतात म्हणतात, पण माझे घेऊन चालले मी.

फुल्विया : गेल्या काकू. बाबा, काल मी बाहेर आले तेव्हा तू नव्हतास. परवाही नव्हतास.

नेरेओ : हं.

फुल्विया : ऑफिसातून सुटून धावत येते मी. मला पोहायला आवडतसुद्धा नाही.

नेरेओ : माहितेय. येऊ नकोस ना मग.

फुल्विया : का?

नेरेओ : रागावू नकोस. घरी तिची खुर्ची आहे. स्वयंपाकघर आहे. जिकडं बघावं तिकडं ती नाही. इथं ती मला कधी दिसतच नव्हती. सकाळी आत शिरली की संध्याकाळपर्यंत मला भिंत. पाठ टेकून पडायचं; पलीकडे ती आहे, एवढं माहीत असायचं. आताही भिंतच दिसते. काही बदललेलं नाही.

फुल्विया : आणि मग मी बोलते.

नेरेओ : तिच्या जागेवरून.

फुल्विया : आणि तिचा आवाज नसतो.

नेरेओ : तुझा चांगला आहे गं. तसं नाही.

फुल्विया : मी तिच्याच टॉवेलवर बसलेय, बाबा. दोनदा धुतला. तिच्या अंगाला लावायच्या तेलाचा वास जात नाही. आणि योलांदाकाकू अजून तिचे पत्ते वाटतात.

नेरेओ : काय करतात?

फुल्विया : चौघींचे वाटतात. मग तिचे उचलतात, बघतात आणि गड्डीत घालतात.

नेरेओ : पानं कशी येतात?

फुल्विया : बरी. आईला यायची त्यापेक्षा बरी.

नेरेओ : ती फसवायची.

फुल्विया : माहितेय सगळ्यांना. बाबा, मी गप्प बसू का? येत जाईन, बोलणार नाही.

नेरेओ : आणि पेपरचं?

फुल्विया : लिहीन, घरी जातात.

नेरेओ : नको, तसं नको. दाराचं लिही. दोन्हीकडून माणसं बाहेर येतात. बायकांना नेहमी उशीर. पुरुष सावली शोधून उभे, कुरकुरत. मग ओले केस घेऊन त्या येतात, आणि कुठं जायचं ते तिथं ठरतं. आमची प्रत्येक संध्याकाळ त्या दारात सुरू झाली.

फुल्विया : मग तू थांबत का नाहीस तिथं?

नेरेओ : थांबलो होतो. मे महिन्यात, यंदा पहिल्यांदा आलो तेव्हा. सवयीनं. सगळ्या बायका निघून गेल्या. दारवान किल्ली घेऊन आला आणि म्हणाला, कोणी राहिलंय का तुमचं आत?

फुल्विया : काय सांगितलंस?

नेरेओ : म्हटलं, केस विंचरत असेल.

फुल्विया : बाबा.

नेरेओ : तो बिचारा थांबला. किल्ली खिशात टाकून माझ्याबरोबर उभा राहिला. शेवटी मीच म्हटलं, लावा कुलूप.

फुल्विया : आज मी आहे आत.

नेरेओ : हो.

फुल्विया : कोणी विचारलं तर हो म्हणशील, आणि ते खरं असेल.

नेरेओ : झोर्कोकडं अंडी उकडलेली असतात का अजून? तिखट मुळा किसून देतात ती?

फुल्विया : असतील. चल ना.

नेरेओ : वरची बस चुकेल.

फुल्विया : मी आत्ता आवरते. पाच मिनिटांत दारात येते.

नेरेओ : नको. फुल्विया, ऐक.

फुल्विया : काय?

नेरेओ : मी थांबतो. तू जरा उशीर कर.