नेलिदाबाईंचा शेरा

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे संचालक डॉक्टर एचेनिके, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती नेलिदाबाई बेंतांकोर, आणि भाजलेल्या कोकराच्या वासावर वेळेआधीच हजर झालेले ताकुआरेम्बोचे माझे मित्रहो!

एकतीस वर्षं नेलिदाबाईंनी लोकांच्या छातीवर होल्टर बांधलं. यंत्रानं चोवीस तास ठोके टिपायचे आणि कधी काय केलं ते रुग्णानं सोबतच्या वहीत लिहायचं. पण आपली माणसं कशी? यंत्र लागलं की इस्त्रीचा शर्ट घालून दिवसभर खुर्चीत! हसू नका, तुमच्यातले निम्मे तसेच बसलेत.

हेबेर्त तेचेरा तसाच बसला. मेंढ्या कातरणारा गडी, हिवाळ्यात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. हंगामाला जाऊ का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"अरे बाबा, नेहमीची कामं कर म्हणून बजावलं होतं ना?" बाई म्हणाल्या.

"बाई, एवढं महागाचं यंत्र! घामानं बिघडलं असतं तर? आपला कडू 'माते' चहासुद्धा बायकोनं हातात आणून दिला."

बाई वही घेऊन माझ्याकडे आल्या. "डॉक्टर, हा आलेख खुर्चीचा आहे. याला यंत्रासकट कातरायच्या शेडमध्ये पाठवा, मग काय ते कळेल."

आणि मी काय म्हणालो? "बाई, यंत्रं दोन, रांगेत माणसं चाळीस. आलेख वाचायला मी शिकलोय." दुसऱ्या दिवशी 'धोका कमी' असं लिहून सही ठोकली.

आठवड्याभरात शेडमध्ये मेंढी पायात धरल्याधरल्या हेबेर्त कोसळला. गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता हो!

चौकशीत बाईंना विचारलं, "रुग्णाला नीट समजावलं होतंत का?"

"समजावलं होतं. वहीत शेराही लिहिलाय."

"मग वही कुठाय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. ठपका त्यांच्यावर आला, हातातोंडाशी आलेलं विभागप्रमुखपद गेलं. वही माझ्या खणात होती. नऊ वर्षं! आणि ठपका आल्यानंतरही रोज सकाळी त्यांनी केलेला चहा मी निर्लज्जासारखा प्यायलो.

अध्यक्षमहोदय, ही ती वही. शेवटच्या पानावर बाईंचं अक्षर आहे: 'रुग्ण दिवसभर बसून. कामावर असताना पुन्हा लावावे.' खालची तारीख माझ्या सहीच्या आदल्या दिवसाची आहे. बाईंच्या नावावरचा ठपका काढून तो माझ्या नावावर लिहावा, अशी या सभागृहासमोर हात जोडून विनंती करतो. हेबेर्तच्या बायकोकडे उद्या मी स्वतः जाणार आहे.

ज्यांनी खपून हा सोहळा उभा केला, त्या सर्वांचे आभार. वेळ जास्त घेतला, आनंदाच्या दिवशी भलतंच बोललो, ते मोठ्या मनानं पोटात घाला. ती सही मात्र पोटात घालू नका. बाई, तुम्हीसुद्धा नाही.