बिनडोकांचा रविवार

...आणि वर प्रयोगशाळेतल्यांनी मलाच ऐकवायचं, "रविवारी दहा मिनिटांचं तर काम असतं!" अहो, तुम्हाला सांगतो, ती दहा मिनिटं बरोब्बर सकाळी दहाला असतात. म्हणजे साडेआठला उठा, वारा अंगावर घेत सायकल हाणा, बंद इमारतीत चार दारांना कार्ड दाखवा, कोट चढवा, हातमोजे चढवा, मग ती दहा मिनिटं, मग सगळं उलट्या क्रमानं. घरी येईतो कॉफी गार, आणि आफ्के, म्हणजे माझी बायको, तिच्याहून गार! एकोणतीस वर्षं मी, हा गेर्बेन, उट्रेख्तच्या प्रयोगशाळेत पेशी सांभाळतोय... आणि हे सगळं कुणासाठी? बिनडोकांसाठी.

शिवी नाही देत हो. अक्षरशः बिनडोक! आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख फान वाल्सेमबाई उंदराच्या मूळपेशी घेतात, तीनशे-तीनशेचे गोळे करून इवल्या खळग्यांत सोडतात, सोडतात म्हणजे मी सोडतो, दोन दिवसांनी त्यांना एक रसायन पाजायचं, चोवीस तासांनी ते धुऊन काढायचं, की पाचव्या दिवशी गोळा लांबट होतो, त्याला पाठ येते, पोट येतं, शेपटी येते, कधीकधी हृदयाचा ठिपकासुद्धा धडधडायला लागतो. डोकं तेवढं येत नाही. गर्भ नाही, गर्भासारखा. उंदरीच्या पोटात आठव्या दिवशी काय चाललंय ते कुणाला दिसतंय? म्हणून हे ताटलीत. बाईंना बघायचंय, पाठीचे मणके ज्यांतून घडतात त्या ठोकळ्यांची रांग मुळात मांडली कशी जाते, कारण काही पोरं जन्मतःच वाकड्या कण्याची येतात आणि का, ते कुणाला धड ठाऊक नाही. चांगलं काम आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण मोठा सूक्ष्मदर्शक आमच्या वाट्याला येतो मंगळवारी. म्हणजे गुरुवारी पेरा, शनिवारी दहाला पाजा, रविवारी दहाला धुवा. आता देवानंसुद्धा सातव्या दिवशी सुट्टी घेतली होती, पण देवाला बाई भेटल्या नव्हत्या!

बरं, एवढं करून ती रांग काही उमटेना. दोन वर्षं! या कामावर रुटगर नावाचा तरुण संशोधक, करार एप्रिलात संपणार, बिचाऱ्याच्या बोटांना नखं म्हणून उरली नव्हती. दर मंगळवारी बाई वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "हं." त्या 'हं'चा अर्थ, पुन्हा गुरुवार. कुणासाठी? बिनडोकांसाठी.

आणि मग फेब्रुवारीत बर्फ धरला. मी फ्रिसलंडचा माणूस... आमच्याकडे पाणी गोठलं की लोक स्केटिंगसाठी लग्नं पुढे ढकलतात! शनिवारी भावाचा, सिट्सेचा फोन. सात वर्षांनी उट्रेख्तजवळचं लोसड्रेख्तचं तळं गोठलंय, म्हणाला, सोमवारी वितळणार, उद्या ये नाहीतर जन्मभर रडत बस. मी हिशेब केला, सात ते नऊ बर्फावर, दहाला कामावर. काय अवघड आहे? आणि इथे गाढवपणा केला. रविवारी तेवढाच वेळ वाचावा म्हणून शनिवारीच प्रयोगाच्या वहीत लिहून टाकलं, "रविवार, दहा वाजता, धुतलं," खाली सही. उद्याची सही आजच! आहे की नाही हुशारी?

रविवारी एक फेरी झाली. मग दुसरी. मग कुणीतरी वाटाण्याचं दाट सूप दिलं. मग सिट्से म्हणाला, पलीकडच्या काठापर्यंत एकदाच... घड्याळ बघतो तर तीन! तिथून जी सायकल हाणली, पोचलो चारला पाच कमी असताना. धुतलं सगळं, वहीकडे बघितलं, वहीनं माझ्याकडे बघितलं. मिटून ठेवली.

मंगळवारी बाई वाकल्या. 'हं' नाही. मग अगदी हळू त्यांनी रुटगरला हाक मारली. मीही डोकावलो... तुम्हाला सांगतो, दोन्ही बाजूंनी ठोकळे, एकामागे एक, मक्याच्या कणसावर दाणे असावेत तसे! रुटगर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, खांदे हलत होते. दुसऱ्या दिवशी त्यानं केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले. बोललो? नाही बोललो.

पण एकदा येऊन काय उपयोग, पुन्हा यायला हवं ना? रुटगर म्हणाला, गेर्बेनला कशाला त्रास, मीच करतो. वहीबरहुकूम, रविवारी दहाला. आलं काय? चिखल. दुसऱ्या आठवड्यात चिखल. तिसऱ्याही. मग एका दुपारी कॉफी पिताना मला म्हणाला, "माझ्या हातांतच दोष आहे, गेर्बेन. तुला जमतं, मला नाही. मी झ्वोलच्या एका शाळेत शिक्षकाच्या नोकरीसाठी अर्ज टाकलाय." आणि मी काय केलं? साखर ढवळत बसलो. मी साखर घेतच नाही हो!

संध्याकाळी वही घेऊन बाईंकडे गेलो. म्हटलं, "बाई, त्या रविवारी दहाला मी बर्फावर होतो. धुतलं चारला. हे मी आदल्या दिवशी लिहिलं होतं."

बाईंनी वही उघडली. मनात म्हटलं, गेली एकोणतीस वर्षांची नोकरी.

"चार म्हणजे नक्की किती?"

"चारला पाच कमी."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "वहीत खोटं लिहिलंस, ते मी विसरणार नाही. पण तीन आठवडे तो पोरगा स्वतःला कोसतोय. त्याला तू जाऊन सांग. मी नाही सांगणार."

सांगितलं. रुटगर ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं एवढंच म्हणाला, "तीन आठवडे, गेर्बेन." मग उठला आणि नव्या ताटल्या काढायला लागला.

चोवीसऐवजी तीस तास. तीनदा केलं, तिन्ही वेळा दाणे! शोधनिबंध छापायला गेला, परीक्षकांनी विचारलं, तीस हा आकडा तुम्हाला सुचला कसा? बाईंनी खरं तेच लिहिलं, म्हणजे, "नियोजित वेळेत अनवधानाने झालेल्या बदलातून." अनवधान! तीस किलोमीटर बर्फ आणि दोन वाट्या सूप, त्याला अनवधान म्हणतात! रुटगरचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढला, तो आता माझ्याशी बोलतोही, हवापाण्याबद्दल. आणि माझं काय? पूर्वी निदान सकाळी उरकायचं. आता चारला धुवायचं, म्हणजे रविवार मधोमध फाटला. कुणासाठी? विचारू नका.

शेवटी धीर करून बाईंना म्हटलं, मी खोटं लिहिणारा माणूस, माझा भरवसा काय, रविवार दुसऱ्या कुणाला द्या. बाईंनी मान वर न करता सांगितलं, "छे. तुला इतकी लाज वाटतेय, की आता तुझ्याइतका वेळेवर येणारा माणूस मला अख्ख्या हॉलंडात मिळायचा नाही."

आणि वाईट काय सांगू... बाईंचं बरोबर आहे.